एंटर दाबला की पहिला शब्द

प्रोग्राम लिहायच्या एडिटरला जोडलेल्या त्या प्लगइनच्या सेटिंगमध्ये एक बारकासा चौकोन होता. त्यात टिक केली की एडिटरमध्ये तीन अक्षरं टाइप करायची, खाली त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांची यादी उघडायची आणि एंटर दाबला की यादीतला पहिला शब्द आपोआप येऊन बसायचा. टिक नाही केली, तर बाणाची कळ दाबत खाली-वर जाऊन शब्द आपण निवडायचा. मी टिक केली. मला घाई होती. मला जन्मापासून घाईच आहे, आणि घाईतल्या माणसाला आपण हुशार आहोत असं फार लवकर वाटायला लागतं.

ती टिक केल्यावर दोन आठवड्यांच्या आसपास माझे बाबा गोडाऊनच्या मागच्या गाळ्यात धुरात अडकले. हे आधीच सांगून टाकते. झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण मला जे सांगायचंय ते धुराच्या अलीकडचं आणि पलीकडचं आहे.

दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं होती. भिवंडीच्या बाहेर वळ गावाच्या बाजूला भाताच्या जागी गोडाऊनं पिकायला लागली होती. आमच्या गोडाऊनला नऊ गाळे होते, एक नंबर रस्त्याकडे आणि नऊ नंबर खाडीकडे. एक, दोन, तीन हे पुढचे गाळे उंच जोत्यावर होते, कोरडे ठणठणीत. मागचे गाळे मात्र खाजणावर बांधलेले. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. तिच्यावर भरणीचे डंपर ओतून वर लादी घातली, की कागदावर ती जमीन होते. खाडीला हे कोणी सांगितलेलं नसतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आली की नऊ नंबरची लादी खालून ओली व्हायची. बाबा म्हणायचे, लादीला घाम आला.

बाबा तिथे मुकादम होते. हाताखाली बारा हमाल. ट्रक आला की माल उतरवून कुठल्या गाळ्यात लावायचा ते त्यांनी बघायचं. पूर्वी ते स्वतःच ठरवायचे, पण मी नोकरीला लागले त्या वर्षी कॉम्प्युटर आला आणि ठरवायचं काम प्रोग्रामकडे गेलं. प्रोग्राम ठाण्याच्या एका मुलाने पायथनमध्ये लिहिला होता. त्याला पुण्यात चांगली नोकरी लागली, तो गेला, आणि मी बीएस्सी कॉम्प्युटर झालेली गावातलीच पोरगी म्हणून प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला. मालाची एंट्री केली की प्रिंटरमधून चिठ्ठी यायची. मालाचं नाव, नग आणि गाळा नंबर, सगळं मराठीत. चिठ्ठी एकच निघायची, दुसरी प्रत नाही. गाळा नंबर कॉम्प्युटर साठवून ठेवायचा नाही, दर वेळी नियमांवरून नव्याने काढायचा. ती बाबांच्या हातात द्यायची आणि बाबांनी तसा माल लावायचा. बाप मुलीच्या हुकमावर चालतो म्हणून हमाल त्यांची मस्करी करायचे. बाबा हसायचे. त्यांना ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

मॅनेजरसाहेब वापीकडून नवे आले होते. काचेच्या केबिनमधून फारसे बाहेर यायचे नाहीत. त्यांचा नियम एकच होता, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. तिच्यात कोणी डोकं चालवायचं नाही. हे ते माझ्या बाजूने बोलायचे म्हणून मला ते भारी वाटायचे.

पायथनची एक खोड आहे. ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली ते ती भाषा मोजते. एक स्पेस कमी पडली तरी प्रोग्राम तोंड फिरवून बसतो. मी तेव्हा साध्या नोटपॅडमध्ये काम करायचे आणि दिवसातून चारदा त्या न दिसणाऱ्या स्पेस शोधत डोकं धरून बसायचे. चिडायचे, की-बोर्ड आपटायचे. शेवटी वैतागून निजामपुऱ्यातल्या एका सायबर कॅफेत गेले. गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमची खटखट, आत पंख्याचा आवाजही ऐकू येत नव्हता. तासभर खपून एक चांगला फुकटचा एडिटर आणि त्याचं पायथनसाठीचं प्लगइन पेन ड्राइव्हवर उतरवलं. कॅफेवाला म्हणाला, "मॅडम, पूरा कंपनी का काम यहीं करोगी क्या?" मी म्हटलं, "कंपनीत नेट असतं तर तुझं तोंड कशाला बघितलं असतं?" तेव्हा मी अशीच बोलायचे, आणि लोक हसून सोडून द्यायचे.

गणपती नुकतेच गेले होते, पितृपंधरवडा लागला होता. रात्री जेवताना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की उद्यापासून नवीन एडिटर बसवणार. बाबा घास थांबवून म्हणाले, "पितरांच्या दिसांत नवीन कायबी चालू करू नये, बाय. पंधरा दिस थांब."

"कॉम्प्युटरला पितर नसतात, बाबा," मी म्हटलं. आई खुदकन हसली. बाबाही हसले आणि जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी प्लगइन बसवलं. ते काम मला इतकं आवडलं की सांगता येत नाही. टॅब दाबला की मोजून चार स्पेस. भाषेचे शब्द निळे. आणि सगळ्यात गोड गोष्ट, आपल्या मालाच्या नावांची वेगळी यादी त्याला देता यायची. यादीतलं नाव बरोबर टाइप झालं की ते हिरवं व्हायचं. स्पेलिंग चुकलं की काळंच राहायचं. म्हणजे हिरवं दिसलं की डोळे मिटून पुढे जायचं. मी ठरवलं, आता नियमांची फाइल नव्याने, नीट, स्वच्छ लिहायची.

नियम साधे होते. ज्या मालाला ओल चालत नाही त्याची एक यादी, तिचं नाव मी ठेवलं होतं 'कोरडा'. त्या यादीतला माल एक ते तीन नंबरच्या गाळ्यातच जायचा. बाकी सगळा माल प्रोग्राम मागून भरत यायचा, नऊ, आठ, सात असा, म्हणजे पुढची जागा मोकळी राहते. कोरड्या यादीत जो नाही, त्याची रवानगी खाडीकडे.

मालाची नावं हीच मोठी कटकट होती. इनव्हॉइसवर एक नाव आणि माणसांच्या तोंडी दुसरंच. जुन्या चिठ्ठीवर इनव्हॉइसमधलं लांबलचक नाव यायचं आणि हमाल विचारायचे, हे काय बला आहे. म्हणून मी एका रविवारी बाबांना समोर बसवून विचारत गेले. हे म्हणजे काय, ते म्हणजे काय, आणि ते सांगतील तेच नाव प्रोग्राममध्ये घालत गेले. मला त्याचा अभिमान होता. आमच्या चिठ्ठीवर आमच्या माणसांचे शब्द.

एक माल डाइंगवाल्यांचा, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचा यायचा. लोखंडी ड्रममध्ये पांढरी भुकटी, कपड्याचा रंग उतरवायला वापरतात. इनव्हॉइसवर नाव होतं सोडियम हायड्रोसल्फाइट. भिवंडीत त्याला कोणी असं म्हणत नाही. डाइंगवाला, टेम्पोवाला, हमाल, सगळ्यांचा तो 'हायड्रो'.

"ह्याला लई जपायचा," बाबा म्हणाले. "पानी लागला का तापतो. तापला का धूर सोडतो, नि तो धूर छातीत गेला का मानूस खलास. पान्यानं इझत न्हाय, थोडं पानी टाकलं का आनखी पेटतो. टेमघरला एका डाइंगमधी बघितलाय मी."

मी प्रोग्राममध्ये त्याचं नाव ठेवलं HYDRO. इनव्हॉइसचं नाव तसंच ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे मी नंतर हजारदा मनाशी बोलले आहे. चुन्याच्या पिशव्याही यायच्या. त्यांच्यावर इंग्रजीत 'हायड्रेटेड लाइम' छापलेलं असायचं. चुन्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, म्हणून त्याचं नाव मी इनव्हॉइसवरून उचलून जसंच्या तसं ठेवलं, HYDRATED_LIME. अर्धी नावं लोकांची आणि अर्धी कागदावरची, अशी खिचडी माझ्याच हातची.

कोरड्या मालाची यादी लिहायला बसले तेव्हा दुपार होती. तीन अक्षरं, एंटर. तीन अक्षरं, एंटर. शब्द फटाफट हिरवे होत होते. हायड्रोला मी h, y, d दाबलं आणि एंटर मारला. खाली उघडलेल्या यादीत दोन नावं होती. अक्षरांच्या क्रमाने हायड्रेटेडमधला a हा हायड्रोमधल्या o च्या आधी येतो. पहिला शब्द येऊन बसला, हिरवा झाला, आणि मी पुढच्या ओळीवर गेले.

प्लगइन चुकलं नाही. त्याला फक्त एवढंच कळत होतं, की हा शब्द यादीत आहे का. होता. मी प्रोग्राम चालवून पाहिला, एकही एरर आली नाही. चुना कोरड्या गाळ्याचा मानकरी झाला आणि हायड्रोचं नाव कुठल्याच यादीत उरलं नाही. मी खुर्चीत मागे रेलून चहा मागवला.

आठवड्याने हायड्रोचे ड्रम आले. मी एंट्री केली, चिठ्ठी निघाली, न वाचताच बाबांच्या हातात ठेवली. पाच मिनिटांनी बाबा परत आले. साहेब केबिनबाहेर, माझ्याच टेबलाशी उभे होते.

बाबा दारातूनच म्हणाले, "बाय, मना एक सांग. हायड्रो नऊमधी कसा?"

"काय?"

"चिठ्ठीवर नऊ नंबर हाय. हायड्रो नऊमधी लावायचा? अवस आली जवल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी उठून चिठ्ठी बघायला हवी होती. पाच पावलं होती. पण साहेबांसमोर बापाने येऊन आपली चूक काढावी याचाच मला एवढा राग आला, की माझे कान तापले. मी जागेवरून म्हटलं, "बाबा, प्रोग्रामने सांगितलंय ना? मग तसं लावा. कॉम्प्युटर चुकत नाही, माणसं चुकतात. रोज रोज तेच काय विचारायला येता?"

रोज रोज वगैरे काही नव्हतं. ते पहिल्यांदाच आले होते. साहेब हसून म्हणाले, "मुकादम, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी." बाबांनी चिठ्ठीची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि गेले. चारचौघांत लेकीचं तोंड पडू नये म्हणून ते गेले, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, जिंकले.

ड्रम नऊ नंबरमध्ये लागले. बाबांनी कुठून कुठून लाकडी फळ्या गोळा करून त्यांच्याखाली घातल्या. फळ्या पुरल्या नाहीत. मागच्या दोन रांगा तशाच लादीवर राहिल्या, आणि ड्रमही जुने होते, बुडाला गंज खाल्लेले.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण बाबा गप्प झाले होते. एरवी घरात त्यांचाच आवाज. आता ते जेवायला बसायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, "सर्वपित्रीचं उधान वर्सातलं मोठं आसतंय." कोणी विचारलं नव्हतं. मला कळत होतं ते कोणाला उद्देशून आहे ते, आणि मी मुद्दाम आईशी दुसरंच काहीतरी बोलायला लागले. दुसऱ्यांदा त्यांनी सरळच विचारलं, "बाय, एकदा बघशील का त्या मशिनीत?" मी ताट तसंच ठेवून उठले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझा अबोला आमच्या घरात सगळ्यांना माहीत होता, आणि सगळे त्याला घाबरायचे.

खरं सांगायचं तर मला तेव्हाच शंका आली होती. फाइल उघडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण उघडली आणि बाबा बरोबर निघाले तर? मग साहेबांना काय सांगू? म्हणून मी ती फाइल उघडलीच नाही. दुसऱ्या फाइलींवर काम केलं, प्लगइनचे रंग बदलत बसले, हिरव्याचा पोपटी केला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी एक हमाल ऑफिसात पाणी प्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "दीदी, नौ नंबर में माचिस जैसा बास आता है." मी म्हटलं, "बिडी पीत असेल कोणीतरी. मुकादमला सांग." तो म्हणाला, "बोला ना. मुकादम तो हर घंटे जाके ड्रम पे हाथ रखते हैं." मी मान खाली घालून टाइप करत राहिले.

सर्वपित्रीच्या दिवशी सकाळी आई पितरांना पान ठेवायच्या गडबडीत होती. बाबा नेहमीपेक्षा लवकर निघाले. जाताना म्हणाले, "आज भरती बारा-एकला." अमावास्येला आमच्याकडे भरती दुपारीच येते, हे खाडीकाठच्या पोरालाही ठाऊक असतं. ते मला का सांगत होते, तेही मला ठाऊक होतं. मी केसांना चिमटा लावत होते, मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी साहेबांनी यादी मागितली, कोरड्या गाळ्यांत किती माल आहे त्याची. प्रिंट काढली. चुना, चुना, चुना. एक नंबरचा अर्धा गाळा चुन्याने भरलेला. मी त्या कागदाकडे बघत राहिले. चुना कोरड्यात कशाला? मग फाइल उघडली. यादीच्या मधोमध ते हिरवंगार नाव बसलं होतं, आणि हायड्रो कुठेच नव्हता. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते.

आता जे सांगते ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी उठले नाही. आधी फाइल सुधारली. h, y, d, मग बाणाची कळ खाली, HYDRO, एंटर. सेव्ह केलं. प्रोग्राम पुन्हा चालू केला. एक खोटी एंट्री करून बघितली, चिठ्ठीवर १ नंबर येतोय ना. आला. तो कागद फाडून टोपलीत टाकला. चुन्याने भरलेली ती यादी घडी घालून ओढणीत खोचली. आणि मग धावले. दोन मिनिटं, फार तर तीन. माझा बाप आत आहे हे मला माहीत होतं, आणि मी आधी माझं नाव पुसलं.

ऑफिसपासून मागच्या गाळ्यापर्यंत गोडाऊनची सगळी लांबी धावायची. अर्ध्यावरच वास आला. काड्यापेटीतल्या सगळ्या काड्या एकदम पेटवल्यासारखा, नाकातून थेट घशात उतरणारा. हमाल खोकत, डोळे चोळत बाहेर येत होते. कोणाच्या तरी हातात पाण्याची बादली होती. मी ओरडले, "पानी मत डालो." पण बादली रिकामी होती. ती आधीच ओतून झाली होती.

नऊ नंबरच्या दारातून धूर जमिनीलगत बाहेर येत होता, पिवळट, जड. लादीवर बोटभर पाणी होतं, फळ्यांच्या मधून चमकणारं. मी विचारलं, मुकादम कुठे. वॉचमन म्हणाला, "अंदर. अभी अभी गये." एक हमाल जेवून आत मागच्या बाजूला झोपला होता. सगळे बाहेर आल्यावर बाबांनी डोकी मोजली, एक कमी भरलं. तोंडाला ओला टॉवेल बांधून ते आत गेले. अभी अभी, वॉचमन म्हणाला होता. मी मनात हिशोब केला. ते आत शिरले तेव्हा मी खोट्या एंट्रीची चिठ्ठी फाडत होते.

मी दारापर्यंत गेले, एक श्वास घेतला आणि खाली बसले. दोघातिघांनी मला ओढून मागे नेलं. मी रडत नव्हते. मी फक्त बाबा, बाबा म्हणत होते. तो झोपलेला हमाल आधी बाहेर आला, रांगत. त्याला बाबांनी दाराकडे ढकललं होतं. मग बराच वेळ कोणीच आलं नाही. मग दोन हमाल तोंडावर कपडा धरून आत घुसले आणि बाबांना पाय धरून बाहेर ओढलं. त्यांचे डोळे उघडे होते. त्यांनी मला पाहिलं, असं मला वाटलं.

बाबा गेले नाहीत. एवढं देवाने केलं. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की छाती आतून भाजली आहे, आता जड काम विसरा, जिना चढणंसुद्धा जपून. आई नुसती पदराने तोंड पुसत बसली होती. तिने मला एकदाही काही विचारलं नाही. नर्सने बाबांचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. मी पिशवीत हात घातला, शर्टाचा खिसा चाचपला. चिठ्ठी होती. ओली झाली होती, पण आकडा स्वच्छ दिसत होता. हायड्रो, गाळा ९.

चौथ्या दिवशी साहेब आले. वरून चौकशी लागली होती, माल तिथे गेलाच कसा. साहेब चांगले बोलले, बाबांच्या उशाशी स्टूल ओढून बसले. म्हणाले, "मुकादम, कॉम्प्युटर मी स्वतः तपासला. हायड्रो कोरड्या यादीत आहे. चिठ्ठीवर गाळा एक येतो. मग माल नऊमध्ये का लावला? चिठ्ठी कुठे आहे?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, मला आठवतंय. आणि पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, आणि मग साहेबांकडे. त्या वेळी त्यांना एका वाक्याला तीनदा दम घ्यावा लागत होता.

"चिठ्ठी हरवली, सायेब," बाबा म्हणाले. "एक नंबरच व्हता. मी एकाचा नऊ वाचला. मना आकडं धड येत न्हाईत."

साहेबांनी विचारलं, "पण त्या दिवशी तुम्ही विचारायला आला होतात ना, नऊ कसा म्हणून?"

"तवाच चुकीचा वाचला ना. पोरीनं बराबर सांगितला, चिठ्ठीपरमानं लाव. मीच आडानी."

मराठीतला एक आणि नऊ दिसायला जवळचे आहेत, शेपटी इकडची तिकडे. साहेबांना ते पटलं. कोणालाही पटलं असतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथीखालची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचणारा माणूस माझ्यासमोर पडून सांगत होता, की मला एक आणि नऊ कळत नाही.

साहेब म्हणाले, जबाब लिहून द्यावा लागेल, मग ह्यांना घरी बसवून प्रकरण मिटवता येईल, पोरीच्या नोकरीला काही होणार नाही. त्यांनी कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी लिहिलं. बाबा थांबत थांबत सांगत होते आणि मी लिहीत होते. मला लिहिता-वाचता नीट येत नाही. चिठ्ठी मी चुकीची वाचली. ह्यात दुसऱ्या कोणाचाही दोष नाही. पेन एकदाही अडलं नाही, इतकं ते सगळं सरळ उतरत गेलं. कागदाखाली सहीची जागा सोडली आणि सवयीने पेन बाबांच्या हातात द्यायला गेले. माझ्या प्रगतिपुस्तकावर पहिलीपासून दहावीपर्यंत त्यांचीच सही होती, वळणदार, खाली रेघ ओढलेली.

बाबांनी पेन घेतलं नाही. "आंगठा," ते साहेबांना म्हणाले. "आमची सई न्हाय."

साहेबांनी बॅगेतून शाईचं पॅड काढलं. बाबांच्या हाताला सलाइन लावलेलं होतं, हात उचलता येत नव्हता. मी त्यांचा अंगठा माझ्या हातात घेतला, पॅडवर टेकवला आणि कागदावर नेला.

"नीट दाब, बाय," बाबा म्हणाले.

मी नीट दाबला.